खाटेवरून उठलेला माणूस

बाबली राहतो कुठे, असं गौरवीने विचारलं तेव्हा सुमंगला डिचोलीच्या बाजारात बेकरीसमोर उभी होती, आणि उंडे चार घ्यावेत की सहा एवढाच काय तो प्रश्न तिच्या डोक्यात होता. घरात ती एकटी. चार उंडेसुद्धा तिला दोन दिवस पुरले असते. मागून कुणीतरी दंडाला हात लावला म्हणून वळून बघते तर सर्वणची गौरवी, शेवंतीबाईंची सून, हातात भाजीची पिशवी आणि बरेच दिवस शोधत असलेलं माणूस सापडल्याचा आनंद तोंडभर. तिच्या सासूने देवीकडे सांगणं केलं होतं. अंथरुणात पडल्या पडल्या देवीला शब्द दिला होता की ज्या दिवशी आपल्या पायांनी उंबरठा ओलांडून तुझ्या दारात येईन, त्याच्या पुढच्या शनिवारी, माझ्याआधी ह्या खाटेवरून जो माणूस उठला त्याला स्वतःच्या हाताने वाढून जेवू घालीन. आता देवळात जाऊन झालं होतं आणि शनिवार तीन दिवसांवर आला होता. पत्ता द्या, नाहीतर फोन नंबर द्या, आम्ही जाऊन आमंत्रण करतो, असं गौरवी म्हणाली. सुमंगलाने विचारलं, कुणाचा पत्ता? "बाबलीचो," गौरवी म्हणाली. "हरवळ्याचो ट्रकवालो. आयेच्या आदी त्या खाटीर आसलेलो तो." सुमंगलाने वर्षभर ज्याला त्याला जे म्हटलं होतं तेच हिलाही म्हटलं, बघते म्हणून, आणि सहा उंडे घेऊन ती चालू लागली.

बाबली नावाचा कुणी नव्हता. म्हणजे बाबली नावाची माणसं ह्या मुलखात पैशाला पासरी मिळतील, प्रत्येक वाड्यावर दोन तरी असतील. पण हरवळ्याचा, ट्रक चालवणारा, लकवा मारून पडलेला आणि चाळीस दिवसांनी सोबती सेवा क्लबच्या लोखंडी खाटेवरून उठून गेलेला बाबली हा जन्माला आला होता तो सुमंगलाच्या तोंडातून. तिने काही ते बसून ठरवलं नव्हतं. ठरवून खोटं बोलणाऱ्यातली ती नव्हेच. वीज खात्यात एकतीस वर्षं काढली, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाली, तिच्या हातून कुणाच्या मीटरचा एक आकडा इकडचा तिकडे गेला नाही, आणि ह्याच गुणावर तर क्लबवाल्यांनी तिला अध्यक्ष केली होती. पहिल्या बाई अध्यक्ष. गेल्या जुलैत हार घालून घेताना तिने भाषणात सांगितलं होतं की एक काम करीन, पण चोख करीन. ते एक काम म्हणजे ही खाट. डोक्याकडचा भाग दांडा फिरवून वर होतो, दोन्ही बाजूंना आडवे दांडे, खाली चाकं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून घरी पाठवलेल्या माणसाला लागेल तितके दिवस फुकट वापरायला द्यायची, झाली की परत आणायची. किती सोपं वाटलं होतं. बाजारातून घराकडे जाताना तिला आता ते भाषण आठवत होतं, आणि त्या व्यासपीठावर उभी असलेली जांभळ्या साडीतली बाई कोण होती ते मात्र नीटसं आठवेना.

पहिलं घर मुळगावचं. एक निवृत्त मास्तर. अकरा दिवस. बाराव्या दिवशी त्यांचा मुलगा स्वतः फोन करून म्हणाला, खाट घेऊन जा, आज ना उद्या नव्हे, आत्ता. ती गेली तर खाट अंगणात फणसाखाली उभी करून ठेवलेली, घरातलं कुणी तिच्या आसपास फिरकत नव्हतं. बरोबरच होतं. मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवायचं नसतं, चटई म्हणू नका, उशी म्हणू नका, सगळं नदीकाठी नेऊन टाकायचं. हे तिलाही ठाऊक होतं, तिच्या घरीही तसंच केलेलं. पण लोखंडी खाट नदीत टाकणार कोण? फिनाईलने धुऊन, उन्हात दोन दिवस ठेवून तिने ती मये गावी पाठवली. मयेच्या घरात पुरुष मंडळी खाट जोडत असताना त्या आजाऱ्याची बायको तिला मागीलदारी घेऊन गेली. चुलीवर पेज होती. बाईने पदराने हात पुसत पुसत विचारलं, "बाय, खरां सांग. हेच्यार आदी कोण निजलेलो?" सुमंगलाने तोंड उघडलं ते मास्तर म्हणण्यासाठीच. बाईच्या डोळ्यांकडे बघून शब्द जो निघाला तो असा: "हरवळ्याचा एक माणूस होता. उठून गेला. आता ट्रक चालवतो." हरवळेच का, ट्रकच का, कुणास ठाऊक. बाईने चुलीखालचा जाळ थोडा मागे ओढला आणि तिला पेज प्यायला बसवली. तो नवरा तीन आठवड्यांनी गेला. पण ते तीन आठवडे त्या घरातले सगळे माणूस बरा होणार म्हणून वावरत होते, त्याला हसवत होते, त्याच्याशी भांडतसुद्धा होते. सुमंगला दोनदा बघून आली होती. हे चांगलं झालं की वाईट, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मग विचारतच गेले. कारापूरला विचारलं, बोर्ड्याला विचारलं, पुरुषांनी कधीच नाही, नेहमी बायकांनी, नेहमी मागीलदारी. कारापूरला त्याला नाव मिळालं. बोर्ड्याला मिशी आली, सकाळी चहात उंडा बुडवून खाण्याची सवय आली. दोन्ही घरांतून खाट परत आली ती अंगणातूनच. चार झाले. क्लबमध्ये कुणी विचारलं नाही, त्यांना खाट वापरात आहे एवढं पुरे होतं. सुमंगला मात्र बाबलीत अडकत चालली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईने दिलेला कागद तिने पाठ केला आणि ते सगळे व्यायाम बाबलीच्या नावावर चढवले. बाबली सकाळ-संध्याकाळ टाचेने उशी दाबायचा, वीस वेळा. बाबली पडलेला हात चांगल्या हाताने उचलून डोक्यावर न्यायचा. आठव्या दिवशी आधाराने बसला, बाविसाव्या दिवशी उभा राहिला, चाळिसाव्या दिवशी उंबरठा ओलांडला. एकदा तर डिचोलीच्या तिठ्यावर खनिजाचा ट्रक थांबला होता, वरून एक मिशाळ ड्रायव्हर खाली बघत होता, आणि तिचा हात ओळखीने वर जायला निघाला. तिने तो केसांवरून फिरवला. त्या दिवशी घरी येऊन तिने आरशात बराच वेळ स्वतःकडे बघितलं होतं. वेडबीड लागतंय की काय, असं तिला खरोखर वाटलं.

शेवंतीबाई पाचव्या. जानेवारीत खाट सर्वणला गेली. त्यांनी मात्र दुसऱ्या कुणाला विचारू दिलं नाही, स्वतः विचारलं, वाकड्या तोंडाने, पडल्या जागेवरून. आणि बाबलीची गोष्ट ऐकून घेतली ती शाळेतल्या पोराने पाढे ऐकावेत तशी. दर आठवड्याला सुमंगला जायची, तर म्हातारी हिशेब घेऊन बसलेली. बाबली आठव्या दिवशी बसला, मी अकराव्या दिवशी. तीन दिवस मागे आहे. बाबलीला हाताची मूठ वळायला किती दिवस लागले? मध्ये महिनाभर काहीच सुधारेना तेव्हा म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली, आणि सुमंगलाने तिथल्या तिथे बाबलीलाही एकदा पाडला. उभं राहताना पडला, गुडघा फुटला, पंधरा दिवस परत खाटेवर. "मगे?" शेवंतीबाईंनी तोंड वळवून विचारलं. मग काय, परत पहिल्यापासून उशी दाबायला लागला. एप्रिलच्या शेवटी म्हातारी काठीने चालली. मे महिन्यात काठी कोपऱ्यात गेली. खाट ह्या वेळी अंगणातून नव्हे, पुढच्या दारातून, हळद-कुंकू लावून बाहेर पडली. त्या दिवशी सुमंगला घरी येऊन खूप रडली. आनंदाने रडते आहे असं तिने शेजारणीला सांगितलं, आणि सांगताना ते खरं आहे की नाही याची तिला खात्री नव्हती.

कारण अनंत. तिचा नवरा. नऊ वर्षं झाली. म्हापशाच्या इस्पितळात डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं होतं की फार तर दोन महिने. ती आत आली. त्याने विचारलं, काय म्हणाले? आणि एकही आकडा इकडचा तिकडे न करणाऱ्या ह्या बाईने सांगितलं, दोन महिने म्हणाले. त्याने मान हलवली, जणू तिने दिव्याचं बिल सांगितलं होतं. त्यानंतर त्याने काहीच विचारलं नाही. परसातल्या मानकुराद आंब्याला मोहोर आला का, हे तो रोज विचारायचा, तेही नाही. नवव्या दिवशी गेला. दोन महिन्यांतले सात आठवडे तिने आपल्या हाताने काढून घेतले असं तिला वाटत आलं आहे, आणि तसं काही नसतं असंही सगळ्यांनी तिला सांगितलं आहे. हे बाबलीचं खूळ अनंतसाठी होतं का? पण मग अनंतला त्याचा काय उपयोग? उंड्यांची पिशवी टेबलावर ठेवून ती तशीच उभी राहिली, चप्पल न काढता.

संदीपचा फोन आला. बाजारात त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, येत्या रविवारी क्लबची सूत्रं तो घेणार, आणि चार दिवस तो तिच्या मागे लागला होता की मॅडम, वर्षाचा आढावा तेवढा द्या, छापायला टाकायचा आहे. खाटेचं वाक्य त्याने स्वतःच करून ठेवलं होतं: सहा कुटुंबांना लाभ. ठीक आहे ना, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, लाभ म्हणजे काय? संदीप म्हणाला, म्हणजे खाट मिळाली ना सहा जणांना. कागद पुढे घेऊन ती बसली. सहा जणांना मिळाली. चार जण त्यावर गेले. एक उठली. आणि सहावा माझा दादा आहे, तो उठत नाही. हे छापतोस का? तिने कागद उलटा करून ठेवला.

दादा म्हणजे यशवंत, इब्रामपूरचा, तिचा थोरला भाऊ. सगळा जन्म केळी आणि काजू करण्यात गेला. मे महिन्यात काजूच्या बागेत उजव्या बाजूने कोसळला. बांबोळीला सांगितलं की माणूस चालेल, पण पहिले तीन महिने मेहनत केली तरच; ते हातचे गेले तर मग कठीण. त्यातले सहा आठवडे संपले होते. सर्वणहून निघालेली खाट सरळ इब्रामपूरला गेली, घराच्या पुढच्या सोप्यावर दाराकडे तोंड करून लावली, आणि तारा वैनीने काहीही विचारायच्या आत सुमंगलाने बाबलीचं सगळं पुराण सांगून टाकलं. पण तारा वैनीचं माहेर मुळगाव. मास्तर तिच्या माहेरच्या शेजारचे. तिने नवऱ्याजवळ अगदी साधेपणाने काढलं की आमच्या मास्तरांना होती तीच खाट वाटतं ही, दांड्यावर क्लबचं नाव आहे. झालं. यशवंतने मग येणाऱ्या-जाणाऱ्याकडून एकेक खबर काढली. मयेची, कारापूरची, बोर्ड्याची. गेल्या रविवारी ती गेली तेव्हा तो छपराच्या वाशांकडे बघत पडला होता. व्यायाम शिकवणारी बाई दोनदा येऊन परत गेली होती. पेज अर्धी तशीच. तिने बाबलीचं नाव काढल्याबरोबर त्याचं अर्धं तोंड हसलं. "सुमा, तू कोणाक फटवतंस? मुळगावचो मास्तर मेलो हेच्यार. चार गेले. पाचवो मी." शब्द जड निघत होते पण स्पष्ट निघत होते. तिला लहानपणीचं आठवलं, खोटं बोलायचं झालं की दादाच बोलायचा आणि तिला मागे उभी करायचा, कारण तिच्या तोंडावर सगळं दिसतं म्हणून. वैनी दारामागे उभी राहून डोळे पुसत होती, आपण काय करून बसलो म्हणून. तिची तरी काय चूक.

आणि आता हे सुचलं. बाजारातून आल्यावर, चप्पल पायात असताना सुचलं, की अरे, मला बाबलीची गरजच काय? एक माणूस खरोखर उठलंय त्या खाटेवरून. हातापायांचं, नाव-गाव असलेलं. दादाकडे गेल्या महिन्यात तिने शेवंतीबाईंचं नाव का नाही घेतलं? बाबली जिभेवर इतका बसला होता की खऱ्या माणसाला तिथे जागाच राहिली नाही. तिने घाईघाईने इब्रामपूरला फोन लावला, वैनीला म्हटलं, दादाच्या कानाला लाव. आणि सांगितलं, दादा, सर्वणची शेवंतीबाई उठली त्या खाटेवरून, परवा देवळात जाऊन आली, शपथ घेऊन सांगते. पलीकडून तो म्हणाला, "बाबल्याक आता लुगडां नेसयलंस?" वैनीने फोन काढून घेतला. सुमंगलाला हसू आलं, खरंच आलं, आणि हसता हसता ती खाली जमिनीवर बसली. वर्षभर खोटं बोलले तर घराघरांतून खपलं. आज पहिल्यांदा खरं बोलले तर सख्खा भाऊ हसतो. आता एकच उपाय. शेवंतीबाईंना इब्रामपूरला नेऊन दादासमोर उभं करायचं. पण त्या विचारणार, आधी बाबलीला बोलवा. त्यांना सांगायला हवं की बाबली नाही. आणि ते सांगितलं तर? म्हातारी पाच महिने ज्याच्यामागून चालत आली तोच काढून घ्यायचा? एका माणसाचा आधार काढून दुसऱ्याला द्यायचा, ही कसली सेवा? पण दुसरा आपला भाऊ आहे. पण म्हणूनच तर ते जास्त वाईट. की नाही?

गुरुवार असाच गेला. शुक्रवारी तर तिच्या मनाने कमालच केली. संदीपचा एक मेहुणा बाबली नावाचा आहे, साखळीला गॅरेज चालवतो, मिशीही आहे. त्याला एक दुपार सर्वणला नेला, खतखतं-भात जेवू घातला, थोडा पाय ओढत चाल म्हणून सांगितलं, तर कुणाचं काय बिघडतं? म्हातारीचं सांगणं फिटेल. मग तोच बाबली इब्रामपूरला नेता येईल. तिने फोन हातात घेतलासुद्धा. मग आपण काय करतोय हे तिला दिसलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. अध्यक्षपदाच्या वर्षाने मला हे शिकवलं. उद्या मी देवीपुढेही एक माणूस उभा करीन. आणि तरीही रात्री निजेपर्यंत तिने नाही असं पक्कं ठरवलं नव्हतं. ठरलं ते शनिवारी सकाळी आंघोळ करताना, आणि का ठरलं ते तिला कधीच सांगता आलं नाही.

सर्वणला ती एकटीच गेली. सोप्यावर पाट मांडला होता, केळीचं पान घातलं होतं, पानाभोवती रांगोळी. पानाच्या कडेला मीठ आणि लिंबाची फोड वाढलेली. शेवंतीबाई आतून मणगण्याच्या खिरीची वाटी घेऊन आल्या, काठीविना, मुद्दाम जरा झपझप, बघा म्हणून. गेल्या खेपेपेक्षा अंग भरलं होतं, केसांत अबोलीचा वळेसर होता. त्यांनी दाराकडे बघितलं. तो गाडी लावतोय का, असं विचारलं. सुमंगला पाटाशेजारी खाली बसली आणि पानाकडे बघत तिने सांगून टाकलं. तो नाही. कधीच नव्हता. मी रचलेला. तुमच्याआधी त्या खाटेवर चार जण होते आणि चारही गेले. बोलायला तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी वेळ लागला. गौरवी हातातलं तांब्याभांडं घेऊन तशीच उभी. शेवंतीबाईंनी खाली बसून मणगण्याची वाटी पानावर नीट ठेवली, मध्यभागी.

"नाय म्हणजे, पडलो तोही नाय? गुडघो फुटलो तो?"

"नाही."

"मगे मी कोणाच्या पाठी चललंय?"

त्या उठल्या. उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या, आणि दोन पावलांवर त्यांचा हात भिंतीकडे गेला. आत्ता वाटी घेऊन आलेली बाई भिंत धरून आत गेली. ते सुमंगलाने बघितलं आणि गौरवीनेही बघितलं. गौरवीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "मॅडम, आज कित्या सांगलात? आमी काय वायट केलां तुमचां?" खरं बोलायचं होतं म्हणून, असं सुमंगला म्हणू शकली असती, आणि ते ऐकायला बरंही वाटलं असतं. पण तिने तेही सांगितलं, की इब्रामपूरला माझा भाऊ त्याच खाटेवर आहे, तो आशा सोडून बसलाय, त्याला दाखवायला मला तुमची आये हवी आहे. सांगताना तिला इतकी लाज वाटली की तिने मान वर केली नाही. म्हणजे अनंतच्या वेळेसारखं हे निव्वळ खरंही नव्हतं. ह्या खऱ्यात तिचा स्वार्थ होता. आत डबे वाजले. भात उपसल्याचा, झाकण लावल्याचा. शेवंतीबाई पितळी डबा घेऊन दारात आल्या, एक हात चौकटीवर. देवीला सांगितलेलं जेवण परत भांड्यात जात नाही, त्या म्हणाल्या. आता त्या खाटेवर जो आहे तो जेवेल. गौरवीला म्हणाल्या, गाडी काढ. सुमंगलाकडे त्यांनी बघितलंही नाही.

दोडामार्गाकडून जाताना गाडी गौरवी चालवत होती. पाऊस येऊन-जाऊन होता. काजूच्या बागा दोन्ही बाजूंनी मागे जात होत्या. क्षमा मागावी असं सुमंगलाच्या मनात येत होतं, आणि क्षमा मागणं म्हणजे त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट मागणं होईल म्हणून ती गप्प बसत होती. माझ्या वर्षाचं काय झालं, ती विचार करत होती. चार घरांना मी काय दिलं? थोडे दिवस. आणि पाचव्या घराला पाय दिले ते आज परत घेतले का? एकीकडे हे आणि दुसरीकडे, तिला कळत होतं, आपण मनात दादाच्या घराच्या पायऱ्या मोजतोय. पाच पायऱ्या आहेत. चिऱ्याच्या. सोप्यावरचं दार सताड उघडं असतं, खाट समोरच, दादाला पायऱ्या खालपासून वरपर्यंत दिसतात. शेवंतीबाई चढताना त्याने बघायला हवं. ही शरमेची गोष्ट आहे हे कळूनही ती मोजणं थांबवू शकत नव्हती.

तारा वैनी अंगणात आली. यशवंत जागा होता. खाटेचं डोकं वर केलेलं, दारातून येणाऱ्यांकडे तो जसा वाशांकडे बघायचा तसाच बघत होता. गौरवी गाडी वळवायला मागे राहिली. सुमंगलाने हात पुढे केला तर शेवंतीबाईंनी तो झिडकारला, डबा छातीशी धरला आणि पहिली पायरी चढल्या. दुसरी चढल्या. पायऱ्या ओल्या होत्या. तिसरीवर त्या थांबल्या. डबा नसलेला हात बाजूला गेला, भिंत शोधायला, आणि तिथे भिंत नव्हती. हात हवेत तसाच फिरला. सुमंगला एक पायरी खाली, अगदी मागे होती, दंड धरायला फक्त पुढे वाकायला हवं होतं. धरला तर दादाला दिसणार, धरून आणलेली म्हातारी. एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिचे हात पुढे गेले नाहीत. शेवंतीबाईंचा गुडघा वाकला. डबा सुटला, पायऱ्यांवरून वाजत खाली गेला, भात सांडला, आणि त्या तिसऱ्या पायरीवर धपकन बसल्या.

"धर गो तिका, सुमा. धर."

वर लोखंड करकरलं. यशवंतने डाव्या हाताने खाटेचा आडवा दांडा पकडला होता, धड ओढून उचललं होतं, आणि चांगला पाय कडेवरून खाली सोडला होता. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. त्याला आपण बसलो आहोत हे कळलंच नव्हतं. तो म्हातारीकडे बघत होता आणि बहिणीवर ओरडत होता. वैनी तोंडावर हात ठेवून अंगणात थिजली होती. शेवंतीबाईंनी गुडघा चोळला. मग त्यांनी मान वळवून सुमंगलाकडे बघितलं, सकाळपासून पहिल्यांदा, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तू हंयच आसलंस. बघीत कित्या रवलंस?"

वर यशवंत बसला होता, तोल जाईल असा, आणि खाली शेवंतीबाई बसल्या होत्या, आणि आधी कुणाला धरावं ते सुमंगलाला कळेना.